गाळलेलं वाक्य

मंत्री असताना दादानं लघुलेखकांच्या खोलीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. काही हवं असलं की शिपायाच्या हाती चिठ्ठी यायची. आज मात्र साडेनऊच्या ठोक्याला तो स्वतः आला, भाषणाचे सात कागद ताईच्या टेबलावर ठेवले आणि खिडकीशी पाठमोरा उभा राहिला.

खोली कसली, सभागृहाच्या मागचा लांबट बोळच तो. सहा टेबलं, सहा टंकयंत्रं आणि सगळ्यांच्या डोक्यावर टिकटिकणारं एक घड्याळ. याच खोलीत बाबांनी तीस वर्षं काढली होती. त्यांच्याआधी आजोबा याच इमारतीच्या दाराशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम ठोकायचे. आजोबा दाराशी, बाबा टेबलाशी आणि नातू थेट बाकावर, असं घराण्याचं कौतुक लोक करायचे तेव्हा टेबलाशी आणखी एक नात बसलेली आहे हे कोणाच्या लक्षात यायचं नाही. ताईला त्याचं वाईट वाटत नसे. लघुलेखक कोणाच्या लक्षात न येणं हेच चांगल्या लघुलेखकाचं लक्षण, असं बाबा म्हणायचे.

"पाचवा कागद वाच," दादा खिडकीकडे बघतच म्हणाला.

सभागृहाच्या या मुदतीतला आजचा शेवटचा दिवस. दुपारी निरोपाची भाषणं होणार होती. दादा पुन्हा उभा राहणार नव्हता, त्यामुळे हे त्याचं अखेरचं भाषण. पहिल्या चार कागदांवर नेहमीचंच होतं, अध्यक्षांचे आभार, विरोधकांचे आभार, चहा देणाऱ्यांचेसुद्धा आभार. पाचव्यावर मोजून सहा ओळी होत्या.

'धरणाचे दरवाजे त्या दिवशी दुपारीच उघडायला हवे होते. तिथला अभियंता माझा सख्खा धाकटा भाऊ होता. त्याने मला तीन वेळा फोन करून परवानगी मागितली. दुसऱ्या दिवशी खालच्या पात्रात पुलाच्या उद्घाटनाचा मांडव होता, म्हणून सकाळपर्यंत थांबा असे मी सांगितले. अकरा माणसे गेली. ठपका भावावर आला आणि मी गप्प बसलो.'

ताईनं ते दोनदा वाचलं. बारा वर्षं या सहा ओळींची वाट बघितली होती, आणि आता त्या समोर आल्या तर तिला पहिली आठवण झाली ती धाकट्याच्या हातांची. धरणावरून बडतर्फ झाल्यापासून तो पंप दुरुस्त करायचा. ग्रीसचा काळेपणा नखांतून जायचाच नाही.

"तुझं नाव घातलेलं नाही," दादा म्हणाला. "ते मी कधीच घेणार नाही."

तिनं सातही कागद टेबलावर ठोकून एकसारखे केले.

ती गोष्ट दोघांनाच माहीत होती. पूर आल्यावर तिसऱ्या दिवशी दादानं मंत्री म्हणून सभागृहात, अभियंत्यानं दरवाजे उशिरा उघडले असं निवेदन केलं तेव्हा टेबलाशी ताईच होती. समोर एकच गदारोळ. विरोधक बाकं बडवत होते, वर गॅलरीत बसलेल्या वार्ताहरांना एक अक्षर कळत नव्हतं. त्या गोंगाटात, डोळ्याला डोळा न लागलेला दादा हातातला कागद सोडून म्हणाला होता, "सकाळपर्यंत थांबा असं मीच सांगितलं होतं." चार हातांवर बसलेल्या ताईनं ते ऐकलं आणि लिहिलं. संध्याकाळी सदस्यांना आपापल्या भाषणाची टंकलेली प्रत दुरुस्तीला जाते. नियम असा की भाषा सुधारावी, मजकूर बदलू नये. दादाची प्रत परत आली ती त्या एका वाक्यावर काट मारूनच. सोबत चिठ्ठी: 'गोंगाटात ऐकू आलं नाही असं समज.'

आणि तिनं तसं समजलं. वाईट हेतू नव्हता. भाऊ खचलाय, भावनेच्या भरात एक वाक्य बोलून गेलाय, उद्या शांत होईल, असं तिला वाटलं. दोन महिन्यांनी चौकशी समितीनं सभागृहाचं छापील कामकाज मागवलं, आणि मंत्र्यांनी थांबायला सांगितल्याचा कुठेही उल्लेख नाही म्हणून धाकट्याचं म्हणणं खोटं ठरवलं. तेव्हा तोंड उघडायचं होतं. पण तेव्हा बाबा अंथरुणावर होते, आणि 'जे कानावर पडलं ते कागदावर, जे पडलं नाही ते देवाच्या बापाचंही नाही' हे वाक्य ते झोपेतसुद्धा पुटपुटायचे. त्यांच्या डोळ्यांदेखत कसं सांगणार? मग बाबा गेले. मग सांगायची वेळ निघून गेली असं तिनं स्वतःला पटवलं. पटवून घेण्यात आपल्या घरातलं कोणी मागे पडत नाही.

"आई येणार आहे ना?" दादानं विचारलं.

"धाकट्याबरोबर येतेय. पास मीच काढलेत."

धाकटा येणार म्हटल्यावर दादा वळला. बारा वर्षांत दोघे एका छताखाली बसले नव्हते. सभागृहात उभा राहून, सगळं माहीत असताना भाऊ आपल्याबद्दल खोटं बोलला, हे धाकट्याच्या मनातून जात नव्हतं. त्याला आणायला ताईला आठ दिवस खर्ची घालावे लागले. शेवटच्या भाषणात काहीतरी बोलणार आहे असं दादानं तिला आधी म्हटलं होतं, तेवढंच तिनं धाकट्याला सांगितलं होतं.

सभागृहाचं कामकाज अकराला सुरू झालं. प्रश्नोत्तराच्या तासात भटक्या कुत्र्यांवर पंचवीस मिनिटं गेली. ज्या सदस्यानं प्रश्न विचारला होता तो उत्तराच्या वेळी घोरत होता. मग कागदपत्रं पटलावर ठेवण्यात आली. मग वजन-मापांचं विधेयक अर्ध्या तासात मंजूर झालं, कारण सगळ्यांना जेवायला जायचं होतं. लघुलेखकांची पाळी दहा-दहा मिनिटांची. एक उठतो, दुसरा त्याच्या खुर्चीची ऊब जायच्या आत बसतो. ताईनं दुपारच्या दोन पाळ्या सहकाऱ्याशी बदलून घेतल्या होत्या. दादाच्या भाषणाला तिलाच टेबलाशी असायचं होतं.

सव्वादोनला ती खुर्चीवर बसली. डावीकडे वर, सामान्य प्रेक्षकांच्या गॅलरीत आई होती आणि तिच्या शेजारी इस्त्रीच्या शर्टातला धाकटा. उजवीकडे, मानाच्या गॅलरीत वहिनी होती आणि तिच्या शेजारी पुतण्या. दादाच्या जागेवर आता पुतण्याला उभं करायचं घाटत होतं. उमेदवारी अजून जाहीर झाली नव्हती, पण पोरानं जाकिटं शिवून ठेवली होती.

दादा उभा राहिला. निरोपाच्या भाषणाची लेखी प्रत आधी मिळते, त्यामुळे लघुलेखकाला सगळं लिहावं लागत नाही. बोट ओळीवर ठेवून मागोमाग जायचं आणि सदस्य इकडेतिकडे गेला तर तेवढं टिपायचं. ताईचं बोट पहिल्या कागदावरून दुसऱ्यावर गेलं, तिसऱ्यावर गेलं. चहावाल्यांच्या आभाराला टाळ्या पडल्या. चौथा कागद संपला. दादानं पाचवा उचलला.

त्यानं वर बघितलं. पण डावीकडे नाही, उजवीकडे. तिथं पक्षाध्यक्ष नुकतेच येऊन वहिनी आणि पुतण्याच्या मधल्या खुर्चीवर बसत होते. वहिनीचा हात गळ्याशी होता. ती नवऱ्याकडे टक लावून बघत होती.

दादानं पाचवा कागद अलगद सगळ्यांच्या खाली सरकवला आणि सहावा वाचायला लागला.

ताईचं बोट पाचव्या कागदाच्या पहिल्या ओळीवर तसंच राहिलं. मग सवयीनं तिच्या हातानं काम केलं. जे वाचलं नाही त्यावर आडवी रेघ मारायची असते, तशी तिनं मारली. रेघ सरळ आली याचाच तिला राग आला. सहावा, सातवा कागद संपले. टाळ्यांचा कडकडाट झाला, अध्यक्षसुद्धा उठून उभे राहिले. तिनं वर पाहिलं तेव्हा धाकट्याची खुर्ची रिकामी होती. आई एकटीच पदर सावरत उठायचा प्रयत्न करत होती.

पाळी संपवून ती खोलीत आली तर वहिनी तिच्या आधीच हजर. दादा मागे दाराशी. वहिनीचा चेहरा परीक्षा सुटलेल्या मुलासारखा झाला होता.

तिनं ताईचा हात हातात घेतला. कागदाचं सकाळी कळलं तेव्हा आपण रडलो, असं ती म्हणाली. यांच्या मनाला बारा वर्षं शांती नाही, हे आपल्याइतकं कोणाला माहीत आहे? पण आता जुनं उकरून कोणाचं भलं होणार होतं? अकरा माणसं परत येणार होती का?

"वन्सं, मला एकच पोरगा आहे," ती शेवटी म्हणाली. "तुमच्या दोघा भावांच्या भांडणात त्याचा बळी नको."

ताईला तिचा राग आला नाही. वहिनीनं पोरासाठी केलं. आपण भावासाठी केलं होतं. दोघींमध्ये तसा काही फरक नव्हता, आणि हीच गोष्ट तिला लागली.

वहिनी गेल्यावर दादा समोरच्या स्टुलावर बसला. एवढा मोठा माणूस, गुडघे जुळवून बसला होता.

"जमलं नाही गं," तो म्हणाला.

"बघितलं मी."

 टेबलावरच्या पाचव्या कागदावर त्यानं बोट ठेवलं. "हा कागद आहे ना तुझ्याकडे. तुझी रेघ खोडून टाक. बाकीच्याबरोबर हाही टंक. छापून येईल. निरोपाची भाषणं छापल्यावर कुत्रं वाचत नाही, पोराला त्रास व्हायचा नाही. आणि धाकट्याला दाखवायला सरकारी कागद होईल. त्याला चौकशी पुन्हा उघडायला लावता येईल."

"तू बोलला नाहीस, दादा."

"तू एकदा माझं बोललेलं काढलं होतंस." त्याचा आवाज खाली आला. "आज न बोललेलं घाल. फिटंफाट."

बारा वर्षांत त्यानं ही गोष्ट पहिल्यांदा स्पष्ट बोलून दाखवली होती. ताईनं टंकयंत्रात कागद चढवला. खरं सांगायचं तर तिनं पहिली ओळ टंकलीसुद्धा. धाकट्याला नाव परत मिळत असेल तर नियम गेला खड्ड्यात, असंच तिला त्या क्षणी वाटत होतं. एका भावासाठी मोडलेला नियम दुसऱ्यासाठी मोडायला काय हरकत होती?

पण दुसऱ्या ओळीला तिचे हात थांबले. दादाचं भाषण आज भरल्या सभागृहानं ऐकलं होतं. धाकट्यानं हा कागद घेऊन दार ठोठावलं की पहिला प्रश्न निघाला असता, हे बोललं कधी? शंभर जणांनी सांगितलं असतं, बोललंच नाही. भाऊ सदस्य, बहीण लघुलेखक, मग हा मजकूर घुसवला कोणी? धाकटा दुसऱ्यांदा खोटा ठरला असता, आणि या वेळी खरोखरच खोट्या कागदावर.

तिनं कागद ओढून काढला आणि कोरा चढवला. वर टंकलं, 'शुद्धिपत्र'. मग बारा वर्षांपूर्वीची तारीख.

दादा उठून तिच्या खांद्यामागे आला. तिनं जास्त लिहिलंच नाही. अमुक दिवशीच्या निवेदनात सदस्यांनी सभागृहात उच्चारलेलं वाक्य दुरुस्तीच्या वेळी गाळण्यात आलं, ते गाळू देण्याचा अधिकार मला नव्हता, वाक्य असं होतं. खाली तिची सही. तिच्या सहीखाली सदस्याच्या सहीची जागा.

"तुझी नोकरी जाईल," दादा म्हणाला.

"चारच वर्षं राहिलीत."

"बाबांचं नाव..."

"ते त्याच दिवशी गेलं. लोकांना उशिरा कळेल, एवढंच." तिनं कागद त्याच्यापुढे सरकवला. "तुला काही बोलायचं नाही, दादा. बोलायचं ते तू तेव्हाच बोलला होतास. मी ऐकलंय. तेवढं खरं आहे म्हणून सही कर."

दादा कितीतरी वेळ त्या एका वाक्याकडे बघत होता. स्वतःचंच वाक्य, पण कोणा दुसऱ्या, बऱ्या माणसाचं असावं तसं. पोराच्या उमेदवारीचं आता काय होणार हे त्याला कळत नव्हतं असं नाही. बाहेर पुढच्या पाळीची घंटा झाली. त्यानं पेन काढलं आणि सही केली. कागदावर तो नेहमीच शूर होता. पण निदान आज त्याचा उपयोग झाला.

सभागृहाच्या सचिवांनी शुद्धिपत्र उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. ते बाबांच्या हाताखाली काम शिकले होते. चष्मा पुसत त्यांनी सांगितलं की अध्यक्षांपुढे ठेवतो. सभागृहात झालेलं आहे म्हटल्यावर छापावं लागेल, ते टळत नाही. आणि निर्णय होईपर्यंत तिनं टेबलाशी बसू नये. "असं का केलंत?" हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. त्यांच्याकडून तिनं शुद्धिपत्राची एक प्रत घेतली.

पाहुण्यांच्या फाटकाशी आई बाकावर बसली होती. धाकटा तिच्यापासून जरा लांब, उभा. ताई दिसताच तो पुढे आला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. तिचीच त्याला कीव आली होती.

"तू कशाला मनाला लावून घेतेस, ताई?" तो म्हणाला. "तू तुझ्याकडून प्रयत्न केलास. तो तेव्हाही खोटं बोलला, आज गप्प बसला. त्याचा पिंडच तो."

तिनं प्रत त्याच्या हातात दिली. खरं तर आधी तोंडानं सांगायचं असं जिना उतरताना तिनं ठरवलं होतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं लिहिणाऱ्या बाईला ऐन वेळी स्वतःचे शब्द सापडले नाहीत.

त्यानं वाचलं. कागद हातात तसाच धरून पुन्हा वाचलं.

"म्हणजे तो बोलला होता," तो म्हणाला.

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. गोंगाट होता. मला एकटीलाच ऐकू आलं."

"आणि मग?"

"संध्याकाळी त्यानं काट मारून पाठवलं. मी चालवून घेतलं." "मी नाही म्हटलं असतं तर ते राहिलं असतं. ते माझ्या हातात होतं, धाकट्या. त्याच्या नव्हतं."

आई बाकावरून म्हणाली, "काय झालं? काय लिहिलंय?"

धाकट्यानं कागदाची घडी घातली. नखांचा काळेपणा लागू नये म्हणून तो कागद कडेनं धरत होता. त्या कागदात त्याला काय मिळालं हे त्याला कळत होतं, आणि काय गेलं हेही. समितीसमोर तो खोटा ठरला तेव्हा सगळ्या नात्यागोत्यात एकट्या ताईनं त्याला जवळ केलं होतं. नोकरी गेल्यावर हिनंच पंपाच्या दुकानाला जागा बघून दिली. रात्रंदिवस दादाला शिव्या घालाव्यात आणि हिनं ऐकून घ्याव्यात, अशी बारा वर्षं गेली होती.

"दर रविवारी तुझ्याकडे जेवायला यायचो गं मी," तो म्हणाला. "समोर बसून वाढायचीस."

तिला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर तिला काही बोलता आलं असतं, पाय धरता आले असते. तो ओरडला नाही. कागद खिशात ठेवला आणि आईला हात देऊन उठवलं.

फाटकाबाहेरच्या रुंद पायऱ्यांच्या तळाशी दादा एकटाच उभा होता. टाळ्या वाजवणारे सगळे केव्हाच पक्षाध्यक्षांच्या गाडीमागे गेले होते. आईला धरून धाकटा एकेक पायरी उतरला. शेवटच्या पायरीवर तो थांबला. दादानं डोक्यावरची टोपी काढली.

ताई वरच उभी होती. दादा काहीतरी म्हणाला. धाकट्यानं काहीतरी उत्तर दिलं, मग दादा पुन्हा बोलला, आणि आईनं डोळ्याला पदर लावला. तीस पावलांवर, भर दुपारी, आपली तिन्ही माणसं बोलताना ती बघत होती. जन्मभर तिच्या कानांतून या इमारतीतलं एक अक्षर सुटलं नव्हतं, पण बारा वर्षांनी एकमेकांशी बोलणारे दोन भाऊ काय म्हणाले ते तिला ऐकू आलं नाही. चार पायऱ्या खाली उतरलं असतं तर आलं असतं. ती उतरली नाही.

तिघं चालायला लागले. कोपऱ्यावर आईनं मागे वळून बघितलं आणि धाकट्याला काहीतरी विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली, आणि ते पुढे गेले.